स्वीटगमला पुण्याचे ऊन नाही, चुना मारतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की परदेशातल्या लालभडक झाडांची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात आणि पाठोपाठ रोपवाटिकांत ‘मेपलसारखे ते झाड’ मागितले जाते. पुष्कळदा ते झाड मेपल नसतेच. तो असतो स्वीटगम, म्हणजे लिक्विडअंबर स्टायरॅसिफ्लुआ. ‘पुण्याच्या उन्हात ते जगत नाही’ असे एक जण सांगतो, ‘कुठेही येते हो’ असे विकणारा सांगतो. दोघांचेही चुकते. हे झाड इथे बिघडते ते मुख्यतः मातीतल्या आणि पाण्यातल्या चुन्यामुळे, आणि त्याबद्दल खरेदीच्या वेळी कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हे पत्र.

आधी ओळख पटवून घ्यावी. मेपलची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, स्वीटगमची एकाआड एक. पान चांदणीसारखे, पाच ते सात टोकांचे. चुरगाळले की राळेसारखा वास येतो. आयुर्वेदातला शिलारस याच कुळातल्या भावंडाचा डिंक, त्यामुळे वास अगदीच परका वाटत नाही. कोवळ्या फांद्यांवर बुचासारखे उभे कंगोरे दिसले तर खात्री पक्की. मात्र प्रत्येक रोपावर ते असतातच असे नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या पाकिटात भुशासारखे दिसणारे कण बहुधा न भरलेले बी असते. खरे बी चपटे, काळपट आणि एका टोकाला छोटा पंख असलेले. वजनावर पाकीट घेणाऱ्याला तिथेच पहिला चुना लागतो.

हे झाड मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातले. तिथून मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरांपर्यंत पसरलेले. नदीकाठची खोल, ओल धरणारी, आंबटसर माती त्याला मानवते, सामू (पीएच; जितका कमी तितकी माती आंबट) साधारण 5.5 ते 6.5. पुण्याच्या काळ्या मातीचा सामू बहुधा 7.5 ते 8.5 आणि वर चुनखडीचे खडे. अशा मातीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. मग उसात दिसतो तसा केवडा पडतो: शेंड्याची नवी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर दुखणे दुसरे आहे, नत्राचे किंवा पाण्याचे. हा फरक न पाहता युरिया टाकणे ही सर्रास होणारी चूक.

चुना आहे की नाही ते घरी दोन मिनिटांत कळते. खड्ड्याच्या तळाचे वाळलेले ढेकूळ घ्या, त्यावर व्हिनेगर ओता. फेस आला की चुना आहे. वरवरच्या मातीवर ही चाचणी करून समाधान मानू नका, कारण नव्या सोसायट्यांत वर चार बोटे लाल माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा असतो. सिमेंटचा आणि गिलाव्याचा चुरा म्हणजे चुनाच. फेस आला नाही तरी माती परीक्षण प्रयोगशाळेतून सामू आणि मुक्त चुन्याचे, म्हणजे मातीत मिसळलेल्या चुनखडीचे, प्रमाण, हे दोन्ही आकडे घ्या. नुसता सामू पुरेसा नाही.

का, ते गणिताने स्पष्ट होईल. ‘गंधक टाका, माती आंबट होईल’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. एक किलो चुनखडी संपवायला सुमारे 320 ग्रॅम गंधक लागते. एक मीटर लांब, रुंद, खोल खड्ड्यात साधारण 1,200 किलो माती धरा. त्यात 5 टक्के चुना असेल तर तो झाला 60 किलो, आणि त्याला गंधक हवे 19 किलोच्या वर. मूठभर गंधकाने काय होणार? एवढे ओतलेच तरी आजूबाजूच्या मातीतून चुन्याचे पाणी झिरपत राहते आणि मुळे दोन-तीन वर्षांत खड्ड्याबाहेर जातातच. चुना नसेल, सामू 7 ते 7.5 असेल, तिथे गंधकाचा उपयोग होतो. व्हिनेगरला फेस देणाऱ्या जमिनीत हे झाड लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुळशी, पानशेत, लोणावळ्याच्या बाजूला, जिथे पावसाने चुना धुऊन गेला आहे आणि माती तांबडी आहे, तिथे ज्यांची जागा असेल त्यांनी जरूर लावावे.

जमीन योग्य निघाली तर एप्रिल-मेमध्ये खड्डा घ्या. पाण्याने भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर ती जागा सोडा. चिकण मातीतला खड्डा म्हणजे पुरलेली बादली, त्यात मुळे कुजतात. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी येते आणि ती कोवळी मुळे कुरतडते. वाळवीलाही आयते निमंत्रण. राख, अंड्यांची टरफले, हाडांचा चुरा यांतले काहीही नको. घरच्या बागेत या तिन्ही गोष्टी कौतुकाने टाकल्या जातात, पण त्या सामू वाढवतात किंवा चुना घालतात.

लागवड जूनअखेर ते जुलै, दोन चांगले पाऊस झाल्यावर. पुस्तकी सल्ला पानगळीच्या काळात लावण्याचा असतो. इथे त्यानंतर लगेच कोरडा मार्च-एप्रिल येतो आणि मुळे धरायच्या आत रोप सुकते. दीड ते तीन फुटांचे रोप निवडा. आठ-दहा फुटांचे ‘तयार’ झाड महाग मिळते आणि बरेचदा पिशवीत मुळांचा वेटोळा घेऊन येते. वेटोळे उभे चिरा किंवा कापा, पिशवी पूर्ण काढा, खोडाचा मुळाशी रुंदावणारा भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. भिंत आणि ड्रेनेजपासून 5 ते 6 मीटर, पेव्हिंग ब्लॉकपासून किमान 3 मीटर अंतर ठेवा, कारण याची वरवर धावणारी मुळे फरशी उचलतात.

पहिले दोन उन्हाळे पाण्याचे. आठवड्यातून दोनदा 20 ते 25 लिटर, सावकाश. एप्रिल-मेमध्ये दर तिसऱ्या दिवशी. खोडापासून चार बोटे सोडून तीन-चार इंच पालापाचोळा. मे महिन्यात पानांच्या कडा करपल्या तर तो रोग नव्हे. कोरड्या वाऱ्यात पानातून जाते तेवढे पाणी मुळे पुरवू शकत नाहीत. बुरशीनाशक मारून पैसे घालवू नका, ओल वाढवा आणि पश्चिमेकडून सावली द्या. पाणी कोणते, हे प्रमाणापेक्षा महत्त्वाचे. धरणाचे नळाचे पाणी चालते, पावसाचे साठवलेले सर्वांत चांगले. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो, तोच थर मुळांभोवतीही बसत असतो. एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले, पाणी हिरवळीला ठीक. त्यातले क्षार या झाडाला नकोत.

केवडा पडलाच तर हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकू नका, चुन्याच्या मातीत ते बघता बघता निकामी होते. फवारणीने तात्पुरता आराम पडतो: एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. आधी चार पानांवर मारून पाहा. मातीतून द्यायचे तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेले लोह, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेले बघून. स्वस्तातले ईडीटीए 6.5 च्या वरच्या सामूत टिकत नाही. दुकानदार ‘एकच आहे’ म्हणेल, एकच नाही.

जागा किंवा माती नसेल त्यांना कुंडी हा खरा मार्ग. 18 ते 20 इंचांची कुंडी, त्यात दोन भाग चाचणी केलेली लाल माती, एक भाग धुतलेला कोकोपीट, एक भाग पानांचे कुजलेले खत, एक भाग काळ्या दगडाची चार-सहा मिलिमीटरची कच. तळाला विटांचे तुकडे घालताना त्यांना चिकटलेला सिमेंटचा गिलावा आधी बघा! गच्चीवर कुंडी विटांवर उचलून ठेवा आणि मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावा. दर दोन वर्षांनी जानेवारीअखेर, डोळे फुगताना, एक तृतीयांश मुळे छाटून माती बदला. बोन्सायसाठीही हे झाड उत्तम आहे.

बियांपासून करायचे असेल तर चोवीस तास भिजवून, ओलसर कोकोपीटमध्ये पिशवीबंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन महिने ठेवावे लागते, फ्रीजरमध्ये नाही. नोव्हेंबरात ठेवा, जानेवारीत अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. नामांकित वाणाचे बी पेरून तोच वाण मिळत नाही, त्याला कलमच लागते.

छाटणी पाने गळल्यावर, आणि तीही मोजकी: मधला एकच शेंडा ठेवायचा, त्याच्याशी स्पर्धा करणारा दुसरा लहानपणीच काढायचा. पावसाळ्याआधी झाडाचा वरचा भाग सपाट उडवण्याची जी पद्धत सोसायट्यांत रूढ आहे, तिने हे झाड कायमचे विद्रूप होते. शिवाय 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे खासगी आवारातले झाड तोडायलाही परवानगी लागते, तेव्हा ‘नको झाले तर काढू’ हा हिशेब लावण्याआधीच सोडावा.

राहिला रंग. तो लाल रंग उतरतो लहान होत जाणाऱ्या दिवसांनी, थंड रात्रींनी आणि स्वच्छ उन्हाने. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा. न्यूयॉर्कच्या अक्षांशावर तो सव्वानऊ तासांचा असतो. त्यामुळे इथे पाने उशिरा आणि तुकड्यातुकड्याने पिवळी, तांबूस, जांभळट होतात, सगळे झाड एकदम पेटत नाही. ‘पालो अल्टो’, ‘बरगंडी’, ‘फेस्टिव्हल’ हे वाण कॅलिफोर्नियाच्या सौम्य थंडीत निवडलेले आहेत, मिळाले तर तेच घ्यावेत. ऑगस्टनंतर नत्र देऊ नका, उशिराच्या नत्राने पाने हिरवीच राहतात.

पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या, दोन-तीन फूट मातीत हे झाड रांगेने दाखवणारा आराखडा समोर आला तर सोसायटीने मातीची खोली, मुक्त चुन्याचे प्रमाण आणि पाण्याचा स्रोत लेखी मागावा. जमिनीवर जागा असेल आणि लालच हवे असेल तर आपला कुसुम वृक्ष आहे: फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची नवी पालवी गडद लाल येते, आणि तीही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर.

आपला,
एक रोपवाटिका व्यावसायिक, पुणे