वेळेचा रकाना आखायला शिकवलंत, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

शिवाजीनगर कोर्टातून निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी तुम्ही आम्हा अपिलं चालवणाऱ्यांसाठी दप्तर उलगडून बसता, त्याबद्दल मनापासून आभार.

खोट्या अटकेचं अपील आलं की वकील आधी उलटतपास वाचतो. तुम्ही आधी चार कागद शेजारी-शेजारी मांडायला लावलेत: अटक पंचनामा, स्टेशन डायरी, मुद्देमाल रजिस्टर आणि सरकारी गाडीचं लॉगबुक. प्रत्येक नोंदीची वेळ एकाच रकान्यात. जप्ती पंचनाम्यावर गुन्हा क्रमांक आहे, पण ज्या फिर्यादीवरून तो क्रमांक पडतो ती त्यानंतर दोन तासांनी नोंदलेली, हे तिथेच उघडं पडतं. पंचाच्या सहीवरून ओढलेला, वेगळ्या शाईचा तो बारीक आकडा तुम्ही भिंगाखाली दाखवलात.

त्याच वेळी बजावलंत की एवढ्यानं फार तर संशयाचा फायदा मिळतो. कट दाखवायचा तर संगनमत दिसायला हवं: बातमीदार आणि अधिकाऱ्यांचे अटकेआधीचे फोन, त्याच अधिकाऱ्याच्या इतर खटल्यांतही सही करणारा तोच पंच.

मुदतीबद्दलची तुमची शिस्त तर आम्ही भिंतीवर लावली आहे. दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात 30 दिवस, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर मुंबई उच्च न्यायालयात 60. निकालाच्या नकलेचे दिवस मुदतीतून वजा होतात, ते अर्जाच्या तारखेपासून नक्कल तयार होईपर्यंतचेच; तयार नक्कल न्यायला आळस केला तर ते दिवस आपल्याच अंगावर.

सीसीटीव्हीचं तुम्ही वारंवार सांगता. ठाण्यातलं चित्रण 18 महिने, निदान वर्षभर ठेवा, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलं. अपिलात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 432 खाली जादा पुरावा मागता येतो, पण तोवर चित्रण पुसलेलं असतं. म्हणून जतन करण्याचा अर्ज पहिल्या रिमांडलाच द्यायचा. हे आधी कळलं असतं तर काही माणसं लवकर घरी गेली असती.

निर्दोष सुटल्यावर खोटा पुरावा रचणाऱ्यांविरुद्ध त्याच संहितेच्या कलम 379 चा अर्ज आणि तो फेटाळला तर 380 खाली अपील, हा रस्ताही बहुतेक जण सुटकेच्या आनंदात विसरतात. तुम्ही विसरू देत नाही.

येत्या शनिवारी येरवड्यातल्या दोघांच्या नकला आणतो आहोत. भिंग तेवढं काढून ठेवा.

आपले,
पुण्यातले फौजदारी अपिलं चालवणारे वकील