पूल माणसाच्या सोयीने नको

संपादक महोदय,

आसाममधील होलोंगापार गिबन अभयारण्यात रेल्वेमार्गावर दोरीचे पूल टाकण्यासंबंधीची बातमी वाचली. ‘माकडांसाठी पूल’ हे शीर्षक चुकीचे आहे. बिनशेपटीचा हुलॉक गिबन हा माकड नसून भारतातील एकमेव कपी (एप) आहे.

जोरहाटजवळचे हे जंगल अवघे २०.९८ चौरस किलोमीटर, आणि भोवती चहाचे मळे. १८८७ मध्ये टाकलेल्या रुळांनी त्याचे दोन तुकडे पाडले. १.६५ किलोमीटरचा हा पट्टा सव्वाशेच्या आसपास गिबनांना अडवून बसला आहे, कारण हातांवर झोके घेत फिरणारा हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. पलीकडच्या लहान तुकड्यात वयात आलेल्या पिल्लांनी जोडीदार शोधायचा कुठे?

२०१५ मध्ये लोखंडी पूल उभारून पाहिला गेला. गिबनांनी तो वापरला नाही. तेव्हा आता दोरी बांधण्यापूर्वी जागा गिबनांकडूनच ठरवून घ्यावी. सकाळी नर-मादी मिळून जी हाळी देतात, ती किमान तीन ठिकाणांहून ऐकून होकायंत्राने दिशा आणि घड्याळाने वेळ टिपावी. नकाशावर या दिशांच्या रेषा जिथे छेदतात तिथे कुटुंब. एकच सकाळ पुरत नाही. वारा-पाऊस असला की कित्येक कुटुंबे गप्पच बसतात. मोजणीतली नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक काळा गिबन नर धरणे. पिल्लू जन्मतः फिकट असते, मग काळे होते आणि मादी वयात येताना पुन्हा भुरकट होते. म्हणजे काळ्यांमध्ये अल्पवयीन माद्याही असतात.

हा नकाशा हाती आल्यावर, कुटुंब रुळाच्या काठापर्यंत येऊन जिथून परत फिरते तिथेच पूल हवा. दोरीची टोके खांबावर न संपता जिवंत फांद्यांच्या दाटीत शिरली पाहिजेत. एक दोर पुरत नाही. हात सुटला तर सावरायला दुसरा दोर आणि खाली जाळी हवी. खोडाला तार करकचून आवळली की साल कापली जाऊन झाड वाळते, आणि त्याबरोबर पूलही जातो. नायलॉन उन्हाने कमजोर होतो, म्हणून दर पावसाळ्याआधी ताण आणि गाठी तपासायला कोणी तरी चढलेच पाहिजे. निविदेत हा खर्च बहुधा नसतो!

दोन्ही काठांवर झाडे वाढवून फांद्या जुळवणे हा खरा उपाय, पण विद्युतीकरण झाले की पंचवीस हजार व्होल्टच्या तारांजवळच्या फांद्या रेल्वे छाटणारच. त्यामुळे तारांचे अंतर, छाटणीची हद्द आणि पुलाची उंची रेल्वे व वनखात्याने एकाच नकाशावर ठरवावी. दोन्ही टोकांना कॅमेरा ट्रॅप (हालचाल होताच आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे) लावून किती गिबन आले, किती ओलांडून गेले, किती माघारी फिरले, याची नोंद निदान वर्षभर ठेवावी आणि ती जाहीर करावी. पहिला गिबन पुलावर दिसला की फोटो छापून येतो. माघारी फिरलेल्यांची मोजदाद कोणी मागत नाही.

आपल्याकडे घाटरस्ते रुंद करताना शेकरूंच्या वाटांची अशी नोंद झाडे तोडण्याआधी घेता येईल.

– एक वन्यजीव अभ्यासक, सावंतवाडी