सायकल ट्रॅक गल्लीच्या तोंडाशी का संपतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून सायकल ट्रॅकबद्दल बातमी येते, इतके किलोमीटर झाले, इतके होणार वगैरे, आणि दरवेळी मला एकच विचारावंसं वाटतं की हे किलोमीटर मोजताना मधल्या गल्ल्या धरता की सोडता? मी गेली अकरा वर्षं धनकवडीहून मार्केट यार्डला सायकलनं जातोय, एका गाळ्यावर हिशेबाचं काम आहे, आणि सातारा रोडच्या कडेनं चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा मिळून जो पट्टा आहे तो सलग असा मला अजून सापडलेला नाही. तुकडे आहेत. दोनशे पावलं बरा, मग गल्ली आली की उतरा, गल्ली ओलांडा, परत चढा, आणि चढायच्या जागी रॅम्प आहेच असं नाही.

२००६ साली स्वारगेट ते कात्रज बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, आली तेव्हा बाजूला सायकल ट्रॅकही आखले होते, ते आठवत असेलच. नंतर २०१७ मध्ये पुण्याचा सायकल आराखडाही मंजूर झाला, त्यात तर सव्वाआठशेच्या आसपास किलोमीटरचं जाळं कागदावर आहे. ठीक आहे. पण सायकलवाला सरळ ट्रॅकवर नाही मरत हो, तो मरतो जिथे ट्रॅक रस्त्याला मिळतो तिथे. गल्लीचं तोंड, सोसायटीचं गेट, पेट्रोल पंपाची एन्ट्री.

माझं स्वतःचंच सांगतो. दिवाळीनंतरची गोष्ट, संध्याकाळचे सव्वासात. सकाळी जाताना स्वारगेटकडे उतार असतो त्यामुळे मजेत जातो, पण येताना चढ आणि शिवाय मी पलीकडच्या बाजूला, मला यायचंय अलीकडे, मध्ये डिव्हायडर, मग जिथे सिग्नल मिळेल तिथे सायकल हातात धरून ओलांडतो आणि उरलेलं अंतर अलीकडच्या पट्ट्यावरून उलट्या दिशेनं येतो, सगळेच तसे येतात, चालणारेही आणि सायकलवालेही. चढामुळे वेग चालण्यापेक्षा थोडाच जास्त. एका सोसायटीच्या गेटातून पांढरी गाडी बाहेर आली, ड्रायव्हिंगला एक तरुण मुलगा, त्यानं उजवीकडे बघितलं, नीट बघितलं, अगदी थांबून बघितलं, तिकडनं ट्रॅफिक येतं ना, आणि गॅप दिसला तशी गाडी काढली. मी डावीकडून. त्यानं माझ्याकडे एकदाही मान वळवली नाही. बंपर पुढच्या चाकाला लागला, मी बॉनेटवर हात टेकला आणि सगळा भार मनगटावर आला, डबा उडून गटारीच्या जाळीपर्यंत गेला, रिकामा होता म्हणून बरं. मुलगा उतरला, घाबरलेला, आणि पहिलं वाक्य काय? "काका, तुम्ही उलटे कुठून आलात?"

तेव्हा राग आला होता. पण सहा आठवडे मनगटाला प्लास्टर असताना विचार करायला वेळच वेळ होता, तेव्हा कळलं की पोराची चूक निम्मीच आहे. रस्त्याला लागणारा प्रत्येक माणूस उजवीकडे बघतो, आपल्याला शिकवलंच तसंय. दोन्ही दिशांनी सायकली येणारा पट्टा त्याच्या नाकासमोरून नेलाय हे त्याला सांगणारं तिथे काय आहे? बोर्ड नाही, रंग नाही, काहीच नाही. त्याच्या दृष्टीनं तो गेटातून थेट रस्त्यावर येतोय.

बरं झाल्यावर मी त्या गेटपाशी जाऊन उभा राहिलो, वॉचमन ओळखीचा झालाय आता. कंपाउंडची भिंत डोक्याएवढी, आणि ती थेट पट्ट्याच्या कडेपर्यंत आलेली. गाडी चालवणारा बसतो बॉनेटच्या टोकापासून साधारण दोन मीटर मागे. म्हणजे त्याचे डोळे भिंतीच्या बाहेर येतात तोवर गाडीचं नाक आख्खा पट्टा अडवून बसलेलं असतं. तो कितीही सज्जन असला तरी त्याला सायकलवाला दिसतच नाही, आधी सायकलवाल्याला गाडी दिसते आणि मग ब्रेक लागतात की नाही ते नशीब. पंधराच्या स्पीडनं येणारी सायकल सेकंदाला चार मीटर जाते, सकाळी उतारावर त्याहून जास्त. भिंतीचा शेवटचा दीड-दोन मीटरचा तुकडा कमरेएवढा करून वर जाळी लावली तरी निम्मा प्रश्न सुटेल, त्याला ना टेंडर लागतं ना आराखडा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरवा आणि गवंडी बोलवा.

उरलेला निम्मा प्रश्न म्हणजे लेव्हल. आपल्याकडे गल्ली आली की ट्रॅक खाली उतरतो आणि गाडी सपाटून वळते. खरं तर उलटं पाहिजे. ट्रॅक आणि फुटपाथ त्याच उंचीवर गल्लीच्या तोंडावरून सरळ पुढे जायला पाहिजे आणि चढायचं-उतरायचं ते गाडीनं, म्हणजे वळताना तिचा वेग आपोआप पडतो, मग तिथे पोलीस असो नसो. नेदरलँड्समध्ये लहान गल्ल्यांना सर्रास असंच करतात, फरशीचा रंगही बदलत नाही, गाडीवाल्यालाच वाटतं की आपण दुसऱ्याच्या अंगणातून चाललोय. आणि हे काही परदेशी खूळ नाहीये, रस्ते कसे बांधायचे ते ठरवणाऱ्या आपल्याच इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या सूचना, आयआरसी १०३, काढून बघा, प्रॉपर्टीच्या गेटपाशी फुटपाथ सलग ठेवा आणि गाडीसाठी रॅम्प द्या असंच त्यात आहे. एक अडचण मात्र खरी आहे, गल्लीचं तोंड उचललं की पावसाचं पाणी मागे तुंबतं, त्यामुळे आतल्या बाजूला चेंबर आणि खालून पाइप आधी टाकायला लागतो. तो विसरला तर पहिल्याच पावसात लोक ते तोडायला लावतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

आता ते लोखंडी खांब. टू-व्हीलर आत येऊ नयेत म्हणून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खांब रोवतात. कल्पना चांगली, पण अॅक्टिव्हाचं हँडल आणि आजकालच्या गिअरच्या सायकलचं हँडल यात चार बोटांचाही फरक नाही, त्यामुळे जिथून सायकल जाते तिथून अॅक्टिव्हा जाते, आणि जिथे अॅक्टिव्हा अडते तिथे सायकलवालाही उतरतो, व्हीलचेअरचा तर प्रश्नच मिटला. शिवाय हे खांब बरोब्बर गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे सायकलवाल्यानं जिथे डोळे गाडीवर ठेवायचे तिथे तो बिचारा खांबातून हँडल काढतोय. एकच खांब मध्ये लावा, दोन्हीकडे मोकळी जागा सोडा, आणि तो तोंडापासून गाडीभर आत घ्या. टू-व्हीलरवाल्यांना अडवणं हे पावती फाडणाऱ्यांचं काम आहे, १९८९ च्या वाहतूक नियमांपासून फुटपाथ आणि सायकल ट्रॅकवर गाडी घालायला मनाई आहे, खांबावर ते ढकलून कसं चालेल.

लोक मला म्हणतात काका हेल्मेट घाला, लाईट लावा. दोन्ही आहे. पुढे पांढरा, मागे लाल, दांडीला रिफ्लेक्टर. पण भिंतीच्या आरपार लाईट जात नाही ना.

आणि सायकलवाल्यांचीही बाजू घेणार नाही पूर्ण. सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या मधून घंटी न वाजवता सुसाट जाणारे आहेत, कानात इअरफोन घालून गल्ली ओलांडणारी कॉलेजची पोरं आहेत. चालणारे आणि सायकलवाले एकाच पट्ट्यात कोंबल्यावर गल्लीपाशी सगळे त्याच एका रॅम्पवर येतात, तिथे सायकलवाल्यानं थांबलंच पाहिजे, मी थांबतो.

हे सगळं घेऊन मी रस्त्याचं काम बघणाऱ्या एका कार्यालयात गेलो होतो, वहीत चित्र काढून नेलं होतं. साहेबांनी चांगलं ऐकून घेतलं, चहाही पाजला, आणि म्हणाले पुढच्या बजेटला बघू. आता योगायोग असा की गेल्या आठवड्यात आमच्याच गल्लीच्या तोंडाशी केबलसाठी खोदलंय, फरश्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्यात, महिन्याभरात परत बसवतील. बसवायच्याच आहेत तर सहा इंच वर बसवा, आणि खड्डा उघडाच आहे तोवर तो पाण्याचा पाइपही टाकून घ्या. माझी वही आहे, कधीही घेऊन येतो.

— धनकवडीचा एक सायकलवाला, पुणे