आंगेलिका बुक यांच्या नावापुढचे शून्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर जर्मन फिगर स्केटरांची जी यादी छापून आली, तिच्यात आंगेलिका आणि एरिश बुक या बहीण-भावाचे नाव पाहून बरे वाटले. मराठी वर्तमानपत्रांत हे नाव सहसा दिसत नाही. पण त्यांच्यापुढे ऑलिम्पिक पदकांच्या रकान्यात शून्य छापले आहे, खाली ‘मोठ्या व्यासपीठावर कमी पडले’ असा शेरा आहे, आणि दोघांना पेअर स्केटिंगमध्ये बसवले आहे. तिन्ही गोष्टी चुकल्या आहेत. मूळ चूक शेवटची, बाकीच्या दोन तिच्यातून निघाल्या आहेत.

बुक भावंडे पेअर स्केटर नव्हती, ती आइस डान्सर होती. दोन्हीकडे एक पुरुष, एक स्त्री आणि खाली बर्फ, म्हणून घोळ होतो. पण हे दोन वेगळे खेळ आहेत. पेअर स्केटिंगमध्ये पुरुष जोडीदारणीला डोक्यावर पूर्ण हात ताणून उचलतो, फेकतो, दोघे शेजारी-शेजारी दोन-तीन फेऱ्यांच्या उड्या मारतात. आइस डान्समध्ये फेकणे नाही, असल्या उड्या नाहीत आणि डोक्यावर हात ताणून उचलणेही नाही. आजच्या नियमात छोटी लिफ्ट (जोडीदाराला उचलणे) ७ सेकंदांची आणि जोडलिफ्ट, म्हणजे दोन लिफ्ट जोडून केलेली, १२ सेकंदांची. त्यापुढे गेलात की १ गुण कापला. पडलात तर पडणाऱ्या प्रत्येकामागे १ गुण. मग गुण मिळतात कशाचे? ब्लेडच्या धारेचे, वळणांचे, दोघांतल्या अंतराचे आणि लयीचे. बुटाखालचे पातेही वेगळे असते: डान्सच्या ब्लेडची मागची बाजू साधारण १ इंचाने आखूड ठेवतात, कारण इतक्या जवळून नाचताना मागचे टोक जोडीदाराच्या बुटात अडकते आणि दोघेही आडवे होतात.

आपल्या यादीत बुक यांच्या वर मारिका किलिउस व हान्स-युर्गेन बॉयम्लर आहेत आणि खाली अल्योना सावचेन्को आहेत. किलिउस-बॉयम्लर यांची १९६० आणि १९६४ ची ऑलिम्पिक रौप्ये, सावचेन्को व ब्रुनो मासो यांचे २०१८ चे प्योंगचांगचे सुवर्ण, ही सगळी पेअर स्केटिंगमधली. त्या रांगेत उभे केले की बुक यांचे शून्य साहजिकच डोळ्यांत भरते. पण आइस डान्सची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये सुरू झाली असली, तरी ऑलिम्पिक पदकांसाठी हा प्रकार आला तो १९७६ मध्ये, इन्सब्रुकला. बुक भावंडांनी त्याच्या तीन वर्षे आधीच स्पर्धा सोडली होती. १९६८ च्या ग्रनोबलला किंवा १९७२ च्या साप्पोरोला त्यांनी पदक कुठून आणायचे होते?

आता त्यांच्या खात्यावर खरोखर काय आहे ते पाहा. १९७० मध्ये ल्युब्लियानाला जागतिक कांस्य. मग १९७१ ला लियाँ, १९७२ ला कॅलगरी आणि १९७३ ला ब्रातिस्लाव्हा, अशी सलग तीन जागतिक रौप्ये. आणि या सगळ्यांच्या वर १९७२ चे गोथेनबर्गचे युरोपीय अजिंक्यपद. या सुवर्णाचे वजन कळायला समोर कोण होते ते पाहावे लागते. ल्युदमिला पाखोमोव्हा आणि अलेक्सांद्र गोर्श्कोव्ह ही सोव्हिएत जोडी १९७० पासून १९७६ पर्यंत या खेळावर अक्षरशः मांड ठोकून बसली होती: सहा जागतिक विजेतेपदे, सहा युरोपीय विजेतेपदे आणि ऑलिम्पिकमधले पहिले आइस डान्स सुवर्ण. १९७५ चे जागतिक विजेतेपद हुकले ते गोर्श्कोव्ह आजारी पडल्यामुळे. या सात वर्षांत युरोपीय स्पर्धेत त्यांना हरवून दाखवणारी जोडी एकच, रावेन्सबुर्गची ही भावंडे.

मग दोनच महिन्यांत कॅलगरीला पुन्हा दुसरा क्रमांक कसा? इथे त्या वेळची गुणपद्धत समजून घ्यायला हवी, कारण आजच्या बेरजेच्या सवयीने जुने निकाल वाचले की फसगत होते. नऊ परीक्षक ६.० पैकी गुण देत, पण त्या गुणांची सरळ बेरीज करून विजेता ठरत नसे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याच्यापुरता क्रम लागे, आणि बहुसंख्य परीक्षकांनी, म्हणजे पाच जणांनी, ज्याला पहिले मानले तो पहिला. समजा, पाच परीक्षकांनी ‘अ’ जोडीला फक्त ०.१ ने वर ठेवले आणि चौघांनी ‘ब’ जोडीला ०.५ ने. बेरजेत ‘ब’ दीड गुणाने पुढे, तरी विजेती ‘अ’. एका परीक्षकाचे मत फिरले की सोन्याची चांदी होत असे. जानेवारीतले परीक्षक मंडळ वेगळे, मार्चमधले वेगळे. अशा पद्धतीत तीन वर्षे दुसऱ्या स्थानावर टिकून राहणाऱ्याला ‘कमी पडले’ म्हणणे धाडसाचे आहे.

बुक भावंडांच्या प्रशिक्षक बेटी कॅलवे या इंग्लंडच्या. त्यांनीच पुढे हंगेरीच्या क्रिस्तिना रेगोत्सी व आंद्राश शल्लाय यांना १९८० चे जागतिक विजेतेपद आणि ब्रिटनच्या जेन टॉरव्हिल व क्रिस्टोफर डीन यांना १९८४ चे साराएव्होचे सुवर्ण मिळवून दिले. टॉरव्हिल-डीन आपल्याकडेही ठाऊक आहेत. त्यांच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली आधी कोण तयार झाले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

पण आंगेलिका बुक यांचे सर्वांत टिकाऊ काम पदकांच्या कोणत्याच तक्त्यात येणारे नाही. ते म्हणजे रावेन्सबुर्गर वॉल्ट्झ. आंगेलिका, एरिश आणि बेटी कॅलवे या तिघांनी हे नृत्य रचले आणि १९७३ मध्ये क्रेफेल्डला ते पहिल्यांदा सादर झाले. नाव गावावरून. जिगसॉ कोड्यांच्या खोक्यावर आपण जे नाव वाचतो, तेच हे दक्षिण जर्मनीतले गाव. पुढे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने हे नृत्य आपल्या ठरावीक नृत्यांच्या यादीत घेतले. ठरावीक नृत्य म्हणजे प्रत्येक पाऊल, प्रत्येक धार, किती मात्रा, कोणती पकड आणि रिंकवर नेमकी कुठे, हे सगळे आकृतीसह लिहून ठेवलेले. जुनी बंदिश जशी रचणाऱ्याच्या पश्चात कुणीही गावी आणि जाणकाराने त्यावरून गळा पारखावा, तसाच प्रकार.

ही बंदिश भलतीच द्रुत आहे. तीन-तीन मात्रांची मिनिटाला ६६ आवर्तने, म्हणजे १९८ मात्रा. तुलनेसाठी यादीतली इतर वॉल्ट्झ पाहा: युरोपियन १३५, व्हिएनीज १५६, वेस्टमिन्स्टर १६२, स्टारलाइट १७४, गोल्डन १८६. रावेन्सबुर्गरमध्ये एका मात्रेला जेमतेम ०.३ सेकंद मिळतो. सहा मात्रांची एक झोकदार धार, म्हणजे ब्लेडच्या एका कडेवर झुकून घेतलेला वळसा, युरोपियन वॉल्ट्झमध्ये पावणेतीन सेकंदांच्या आसपास चालते; इथे १.८ सेकंदांत पुढच्या पायावर जायचे असते.

यात बिघडते काय, तेही सांगतो, कारण टीव्हीवर सगळ्या जोड्या सारख्याच गोड दिसतात. वॉल्ट्झची पकड समोरासमोरची: त्याचा उजवा हात तिच्या खांद्याच्या पात्यावर, तिचा डावा त्याच्या दंडावर, दुसरे हात धरून बाजूला ताणलेले. एक पुढे जात असतो तेव्हा दुसरा उलटा जात असतो. आता ‘थ्री टर्न’ घ्या. एकाच पायावर पुढून मागे वळायचे आणि त्याच क्षणी बाहेरच्या धारेवरून आतल्या धारेवर यायचे. बर्फावर उमटणारी रेघ इंग्रजी तीनच्या आकड्यासारखी दिसते. वळण पायातून, गुडघा वाकवून आणि उचलून निघाले तर रेघ स्वच्छ येते. पण लय पळत असली की घाईने खांदे आधी फिरतात आणि पाय मागून ओढला जातो. मग ब्लेड एका धारेवर न राहता सपाट घसरते, खरवडल्याचा आवाज येतो, वेग मरतो. वेग मेला की दोघांच्या कमरांमधले अंतर उघडते, ताणलेले हात डगमगतात आणि पुढचे पाऊल मात्रेच्या मागे पडते. ०.३ सेकंदांची मात्रा एकदा हुकली की पुढच्या दोन-तीन पावलांत भरून काढता येत नाही. म्हणून पुष्कळ जोड्या चोरवाट धरतात: धार उथळ करतात, वळसा लहान घेतात, की वेळेत पोचता यावे. वेळ साधते, पण वळशांची खोली जाते. जाणता परीक्षक आधी पाहतो तो हीच खोली. लय सांभाळून धार खोल ठेवायची, तर प्रत्येक ढकलीत ताकद हवी आणि गुडघा सतत मऊ हवा. रचणाऱ्यांनी दुसऱ्यांसाठी इतकी कठीण परीक्षा लिहून ठेवली, याचा अर्थ ती त्यांना स्वतःला पेलत होती.

आणि ऑलिम्पिकचेच म्हणाल, तर २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये सक्तीचे नृत्य म्हणून रावेन्सबुर्गर वॉल्ट्झच होते. रिंकवर उतरलेल्या प्रत्येक जोडीला बुक भावंडांची पावले टाकावी लागली. त्या फेरीअखेर यजमान इटलीचे बार्बारा फुझार-पोली व माउरित्सिओ मार्गाल्यो आघाडीवर होते (दुसऱ्या नृत्यात ते पडले, तो भाग निराळा). पुढच्या, म्हणजे २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये सक्तीचे नृत्य होते टँगो रोमँटिका. ते रचले होते पाखोमोव्हा, गोर्श्कोव्ह आणि त्यांच्या प्रशिक्षक येलेना चायकोव्स्काया यांनी, १९७४ मध्ये. १९७२ चे हे प्रतिस्पर्धी असे तीन दशकांनंतर लागोपाठच्या दोन ऑलिम्पिकमध्ये पुन्हा बर्फावर होते. त्या हंगामानंतर सक्तीच्या नृत्याची स्वतंत्र फेरी बंद झाली. एका जुन्या शिस्तीची परीक्षा त्याबरोबर गेली, असे माझे मत. प्रेक्षकांना पंचवीसएक वेळा तेच नृत्य पाहायचा कंटाळा येत असे, हेही खरे. तरी २०१५-१६ च्या हंगामात वरिष्ठ गटाच्या शॉर्ट डान्समध्ये (तेव्हाच्या पहिल्या फेरीत) रावेन्सबुर्गरचे तुकडे पुन्हा घालावे लागलेच.

बुक यांच्यानंतर जर्मनीला आइस डान्समधल्या पुढच्या जागतिक पदकासाठी २००४ पर्यंत थांबावे लागले. डॉर्टमुंडला घरच्या प्रेक्षकांसमोर काटी विंकलर व रेने लोझे यांनी कांस्य घेतले. हे दोघेही आपल्या यादीत नाहीत.

आपल्याकडे बर्फाचे रिंक मोजकेच, पण चाकांच्या स्केटवर कलात्मक प्रकार करणारी मुले महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्या डान्सच्या अभ्यासक्रमात वेस्टमिन्स्टर, स्टारलाइट ही बर्फावरूनच आलेली नृत्ये असतात. क्रीडा पान ती मुले आणि त्यांचे पालकही वाचतात. तेव्हा विनंती अशी की, आइस डान्सचे निकाल देताना फक्त क्रमांक देऊ नये. रिदम डान्सचे (आजच्या पहिल्या फेरीचे) गुण, फ्री डान्सचे (दुसऱ्या फेरीचे) गुण, एकूण, आणि कपात झाली असल्यास ती कशाची, एवढे चार आकडे एका ओळीत मावतात. पेअर आणि डान्स हे तक्ते वेगळे ठेवावेत.

आंगेलिका व एरिश बुक यांची ओळ दुरुस्त करताना अशी छापता येईल: आइस डान्स, युरोपीय सुवर्ण १९७२, जागतिक रौप्य १९७१, १९७२, १९७३, जागतिक कांस्य १९७०, रावेन्सबुर्गर वॉल्ट्झचे सहरचनाकार. ऑलिम्पिकच्या रकान्यात शून्याऐवजी ‘प्रकार समाविष्ट नव्हता’ असे लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे