बाबा, गाडीचं ठरलंय

इंदूर, रविवार

ती. आई-बाबांस सा. न.

परवा फोनवर बाबांना सगळं नीट सांगता आलं नाही. मधेच आईनं फोन घेतला आणि बोलणं गाडीवरून माझ्या जेवणाखाण्याकडे वळलं. शिवाय हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून बसून लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आकडे तपासा. तुम्ही तपासल्याशिवाय मला ते खरे वाटत नाहीत.

दादाकडून जर्मनीहून आल्यापासून तुम्ही एकच धोशा लावलाय की त्याच्यासारखीच प्लग-इन हायब्रीड गाडी घे. रात्री प्लग लावायचा, रोज विजेवर जायचं, लांबचा पल्ला असला की पेट्रोल आहेच. म्हणजे पोरगी रस्त्यात अडकून पडायला नको. त्या ‘अडकून पडायला नको’मध्ये सगळं आलं. पीथमपूरहून रात्री उशिरा निघाले की तुम्ही दोघं तिकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जागे असता, हे मला ठाऊक आहे. कंपनीची बस शिफ्टच्या वेळेला सुटते आणि आमच्या लॅबचं काम शिफ्ट बघून संपत नाही, म्हणून तर गाडी हवी.

आणि कल्पना म्हणाल तर तुमचंच बरोबर आहे. प्लग-इन हायब्रीड माझ्यासारख्यांसाठीच निघाली. चीनमध्ये बीवायडीनं २००८च्या डिसेंबरात अशी पहिली गाडी बाजारात आणली, अमेरिकेत २०१० साली शेवरोलेची व्होल्ट आली. दोघांचा हिशेब एकच होता: बहुतेकांचं रोजचं जाणं-येणं चाळीस-पन्नास किलोमीटरचं असतं, तेवढ्यापुरती बॅटरी द्यावी आणि उरलेल्यासाठी इंजिन ठेवावं. पहिल्या व्होल्टचा विजेवरचा पल्ला ५६ किलोमीटर होता. रामबागेतून राऊमार्गे पीथमपूर जाऊन-येऊन माझे साधारण साठ होतात. आजच्या प्लग-इनमध्ये दहा ते वीस युनिटची बॅटरी असते, ती साठ किलोमीटर बहुतेक काढून देते. आणि ग्वाल्हेर इथून पाचशे किलोमीटर, तिथे पेट्रोल. कागदावर तर ही गाडी माझ्याच मापानं बेतलेली आहे.

पण बाबा, दादाच्या गाडीत तुम्हाला जे दिसलं त्यात अर्धा वाटा दादाचा आहे. तो घरी आला की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी केबल लावतो. सगळे तसं करत नाहीत. जर्मनीत कंपनीची गाडी घरी वापरली तर दर महिन्याला तिच्या छापील किमतीचा एक टक्का तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर कर लावतात. अटीत बसणारी प्लग-इन असेल तर अर्धाच टक्का. मग लोकांनी करासाठी प्लग-इन घेतल्या, पेट्रोलचं बिल कंपनी भरतेय म्हणून केबलला हातही लावला नाही. युरोपीय आयोगानं २०२१ साली नोंदवलेल्या गाड्यांच्या आतल्या मीटरचे आकडे गोळा करून २०२४मध्ये अहवाल दिला. प्लग-इन गाड्यांमधून रस्त्यावर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. बॅटरी रिकामी झाली की इंजिनला स्वतःबरोबर त्या बॅटरीचं आणि मोटरचंही ओझं ओढावं लागतं. लॅबमध्ये काम करत असल्यानं असेल, पण तो आकडा वाचून मला खरंच वाईट वाटलं. इतकं चांगलं यंत्र, आणि फुकट गेलं.

आता इथली गोष्ट. आपल्याकडे प्लग-इन विकल्या गेल्या त्या व्होल्व्हो, बीएमडब्ल्यू असल्या कंपन्यांच्या. व्होल्व्होनं २०१६मध्ये प्लग-इन एक्ससी ९० आणली तेव्हाच किंमत सव्वा कोटी होती. माझ्या पगारात बसेल अशी प्लग-इन इंदूरच्या एकाही शोरूममध्ये मिळाली नाही, आणि मी हिंडले भरपूर. कराचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यात इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के आणि मोठ्या हायब्रीडला, प्लग असो की नसो, पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या गाडीइतकेच ४० टक्के. सरकारनं इथे मधली वाट ठेवलेलीच नाही.

शोरूमवाले ‘स्ट्राँग हायब्रीड’ दाखवतात. म्हणतात, ‘मॅडम, इसमें चार्जिंग का झंझट ही नहीं.’ झंझट नाही कारण प्लगच नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती साठवायची आणि ट्रॅफिकमध्ये वापरायची, एवढंच तिचं काम. ती ते उत्तम करते, पण तिच्यात शिरणारा प्रत्येक थेंब शेवटी पंपावरूनच येतो. साठ किलोमीटरला साध्या पेट्रोल गाडीला, पंधराचं ॲव्हरेज धरलं तर, चार लिटर लागतात. १०६च्या भावानं सव्वाचारशे रुपये. स्ट्राँग हायब्रीडनं बावीसचं दिलं तर दोनशे नव्वद. विजेवर युनिटला सात किलोमीटर धरा, चार्जिंगमधली गळती धरून दहा युनिट, आठ रुपयांनी ऐंशी रुपये. हे रोजचे.

म्हणून इलेक्ट्रिक. मधल्या आकाराची, साधारण चाळीस युनिटच्या बॅटरीची. जाहिरातीतला पल्ला चाचणीतला असतो, रस्त्यावर तो तेवढा मिळत नाही. मी अडीचशे किलोमीटर धरले आहेत, उन्हाळ्यात एसी लावून त्याहून कमी. तरी माझ्या रोजच्या अंतराच्या तिप्पट हातात राहतात. आई, रात्री बारा वाजता राऊच्या चौकात अडकले तरी अर्ध्याहून जास्त बॅटरी शिल्लक असेल. उलट पेट्रोलच्या गाडीत काटा खाली आला तरी ‘उद्या भरू’ म्हणत पळवणारी माणसं मी रोज पाहते.

बाबा विचारतील, वीज कोळशाचीच ना? तुमची सारणीच्या कोळशाच्या वीजकेंद्रातली वर्षं मला आठवतात. खिडकीच्या गजांवर राख बसायची आणि आई दिवसातून दोनदा ओलं फडकं फिरवायची. हो, आपल्या राज्यात कोळसा अजून खूप जळतो. पण इंदिरासागरची १००० मेगावॉट जलवीज आहे, रीव्याला ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे. मीटरमागची वीज वर्षागणिक बदलू शकते. पेट्रोलचं इंजिन पहिल्या दिवशी होतं तसंच राहतं, जुनं होत जातं तेवढंच.

आता ज्यावर तुम्ही रागवाल ते. मी गाडी विकत घेत नाहीये, कंपनीच्या योजनेतून चार वर्षांच्या लीजवर घेतेय. ‘भाड्याची वस्तू कधी आपली होते का?’ हे तुमचं वाक्य मला इथे बसून ऐकू येतंय. तुम्ही चेतकसाठी नंबर लावून वाट पाहिलीत आणि मग ती आयुष्यभर टिकवलीत. पण चेतकचं काही बिघडलं तर माधवगंजातला मिस्त्री अर्ध्या तासात उघडून ठेवायचा. ही बॅटरी कुणी मिस्त्री उघडणार नाही. तिच्यावर साधारणपणे आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते, पण चार-पाच वर्षांनी जुन्या इलेक्ट्रिक गाडीला बाजारात काय भाव येईल ते आज कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. तेवढ्यात याहून स्वस्त आणि जास्त पल्ल्याची बॅटरी आली तर माझी गाडी कवडीमोल. तो धोका लीज देणाऱ्यानं घ्यावा, मी का घेऊ? भाडं पगारातून कर लागण्याआधी कापलं जातं, विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच आहे. मुदत संपली की ठरलेल्या किमतीला ठेवून घ्यायची नाहीतर परत करायची. कदाचित तोवर माझ्या खिशाला परवडणारी प्लग-इनही आलेली असेल.

करार मी शब्दन् शब्द वाचला. दोन कलमं टोचली. वर्षाला किलोमीटरची मर्यादा आहे, वर गेलं की प्रत्येक किलोमीटरला पैसे. माझं रोजचं जाणं त्यात बसतं, पण ग्वाल्हेरच्या फार फेऱ्या बसत नाहीत. आणि नोकरी मधेच सोडली तर उरलेल्या भाड्याचा मोठा भाग भरावा लागतो. नोकरी सोडायचा विचार नाही, म्हणून सही करायची ठरवली. पण ही दोन कलमं तुम्हाला न सांगता सही करणं मला पटलं नसतं.

आता खरं काम, आणि ते तुमचंच आहे, बाबा. आमच्या पार्किंगच्या भिंतीवर एक जुना पंधरा अँपियरचा पॉईंट आहे. प्लेट पिवळी पडलीय, एका भोकाभोवती काळा डाग आहे, बहुधा कुणाच्या तरी स्कूटरचं चार्जिंग तिथे होत असावं. इलेक्ट्रिशियननं प्लेट उघडली तर अर्थिंगची हिरवी वायर आत नुसती वळवून ठेवलेली, कुठे जोडलेलीच नव्हती. तो म्हणाला, ‘टेप मार देता हूँ, चल जाएगा.’ मी त्याला हात जोडले आणि परत पाठवलं. रोज साडेतीन तास सलग तीन किलोवॉट ओढायचे त्या पॉईंटमधून. रस्त्यात गाडी बंद पडण्याची जी भीती तुम्हाला वाटते, त्याहून मला ह्या भिंतीची जास्त वाटते. इलेक्ट्रिक घ्या की प्लग-इन, भिंत तीच.

मला वाटतं माझ्या मीटरपासून वेगळी लाईन खाली आणावी. चार चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, जादा भार आला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी आणि स्वतःची अर्थिंग. पुढे सात किलोवॉटचा चार्जर बसवायचा झाला तर सहाची वायर लागेल, मग आत्ताच सहाची टाकावी का, हे तुम्ही सांगा. मंजूर लोड वाढवायचा अर्ज पश्चिम क्षेत्र वितरण कंपनीत द्यायचाय, तो नमुना भरायला तुमच्याशिवाय कोण! सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुर करत होते. त्यांना केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचना दाखवल्या. घरच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला त्यात परवानगी आहे. आता ते म्हणतात, काम पक्कं करा, लोंबत्या वायरी नकोत. तेच तर मलाही हवंय.

तेव्हा तुम्ही दोघं इकडे या. मी शुक्रवारच्या रात्रीच्या रेल्वेची खालची बर्थ बघते आहे, दोन्ही खालच्या. आईच्या गुडघ्यांसाठी मी प्रत्येक गाडीत स्वतः बसून-उतरून पाहिलंय. बॅटरी तळाशी असल्यानं काही गाड्यांत मागच्या सीटवर बसलं की गुडघे छातीकडे येतात, त्या मी बाद केल्या. जी ठरवलीय तिची पुढची सीट आपल्या दिवाणाएवढी उंच आहे, पाय सरळ जमिनीवर टेकतात. तरी शेवटचा कौल आईचा. तिला बसून त्रास झाला तर दुसरी बघू, सही अजून केलेली नाही.

बाबा, येताना तुमचा टेस्टर आणि वायरीचं इन्सुलेशन तपासायचा मेगर दोन्ही आणा. इथल्या इलेक्ट्रिशियनकडे मेगर नाही. आणि आई, लोणच्याची बरणी काचेची आणू नकोस, मागच्या वेळी रेल्वेत फुटता फुटता राहिली.

दादाला हे पत्र फोटो काढून पाठवा, त्याचंही मत हवंय.

तुमची,
छोटी