कूलरवाल्या भाऊंना, तुमची केबल अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका, असं तुम्ही बजावलं होतं. "नाव लिहाल तं लोकं गाड्या घेऊन येतील, अन् माझे कूलर तसेच पडून राहतील." म्हणून नाव नाही, दुकानाचा पत्ताही नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. तुमच्याआधी ज्या गॅरेजवाल्यांच्या दारातून मी परत आले, त्यांच्यापैकी एखाद्याच्या तरी नजरेस ते पडावं, एवढी लबाडी माझ्या मनात आहे.

त्यांचं आधी सांगून टाकते. गाडी सिग्नलला उभी राहिली की तापायची, चालती असली की ठीक. पहिल्याने थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्याने रेडिएटर धुऊन दिला. तिसऱ्याने स्कॅनर लावला, "कोड काही येत नाही", म्हणजे बिघाडाचा आकडा दिसत नाही, म्हणाला आणि लगेच निकाल दिला, ईसीयू, म्हणजे गाडीचा कम्प्युटर गेला, अठरा हजार. नाहीतर भंगारात द्या, २००४ची गाडी आहे, अजून किती ओढता? चौथा त्यातल्या त्यात दयाळू. तीनशे रुपयांत रेडिएटरचा फॅन "डायरेक्ट" करून देतो म्हणाला, म्हणजे वायर कापून सरळ बॅटरीला जोडून. चौघांचं एका प्रश्नावर एकमत होतं: "साहेब नाही आले का?" आमच्या घरात साहेब मीच आहे, पण हे गॅरेजमध्ये सांगून उपयोग नसतो.

पेट्रोलचा वास येतो, मायलेज निम्म्यावर आलंय, हे मी चौघांनाही सांगितलं होतं. एकानेही मान वर केली नाही.

तुम्हाला ती दुपार आठवत असेल. नवतपा, मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागलेला. २०१३च्या मेमध्ये नागपूरने ४७.९ पाहिलंय, तेव्हा यंदाच्या उन्हाचं कौतुक नको. पण सक्करदरा चौकात दुपारी एकला बोनेटमधून वाफ निघाली आणि मागच्या सीटवर रेडिएशन घेऊन आलेली आई, तेव्हा पारा कितीवर आहे ते कोण बघतं? ओलाचिंब दुपट्टा डोक्याला गुंडाळून तुम्ही रस्ता ओलांडून आलात. मी रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला होता. तुम्ही ओरडलात, "हात काढा, ताई! उकळतं पाणी तोंडावर येते." मग माझ्याशी एक शब्द न बोलता आईला दुकानात नेलंत आणि दुरुस्तीला आलेल्या कोणाच्या तरी कूलरसमोर बसवलंत. "टेस्टिंग करून राहिलो," म्हणालात, कूलरच्या मालकाला काय सांगायचं याची सोय म्हणून.

लोक विचारतात, कॅब का नाही केली? आईला परक्या गाडीत उलटी झाली की ती शरमेने दोन दिवस जेवत नाही. आमच्या गाडीत तिचं घमेलं आहे, तिची उशी आहे. आठवड्यातून पाच दिवस जायचं होतं आणि अजून बरेच दिवस बाकी होते.

वाफ ओसरल्यावर तुम्ही गल्ल्याखालून लॅपटॉप काढलात आणि एक निळी केबल. मेमध्ये कूलरवाल्याच्या दारात किती रांग असते ते नागपूरकरांना सांगायला नको. त्या दिवशीही चार जण पंप हातात घेऊन उभे होते. तुम्ही त्यांना "दहा मिनिटं" म्हणालात आणि स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी असलेल्या त्या सोळा पिनांच्या खोबणीत केबल खोचलीत. वीस वर्षं मी ही गाडी चालवते, पण तिथे असं तोंड आहे हे मला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ते सक्तीचं, आपल्याकडे कायदा २०१०पासून टप्प्याटप्प्याने आला, म्हणजे माझ्या गाडीला ते आहे ती कंपनीची हौस, असं तुम्ही सांगितलंत. आणि तिसऱ्या मिस्त्रीने हेच तोंड वापरलं होतं. फक्त त्याने गाडीला "काय दुखतंय" एवढंच विचारलं. "हात हलवून दाखव" असं म्हटलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते. तुम्ही लॅपटॉप माझ्याकडे फिरवलात. पडद्यावर एक ओळ होती, रेडिएटर फॅन. तुम्ही म्हणालात, "ताई, तुम्ही दाबा."

मी एन्टर दाबलं. पुढून घर्र आवाज आला आणि फॅन फिरायला लागला. चार गॅरेजांत कोणाच्याही हातून न फिरलेला फॅन माझ्या बोटाने फिरला. मग तुम्ही उत्तर सांगितलं नाही, प्रश्न विचारलात. "आता सांगा, फॅन खराब हाये का?" नाही. "रिले, फॅनला वीज सोडणारं बटण?" नाही. "कम्प्युटर?" त्यानेच तर फॅन लावला, मग तो कसा खराब असेल? "मंग?" आणि तुम्ही पडद्यावरचा आकडा दाखवलात. डॅशबोर्डचा काटा लालच्या अलीकडे उभा, आणि कम्प्युटरच्या लेखी कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फक्त ५८ डिग्री. दोघांचे सेन्सर वेगळे. कम्प्युटर बिचारा प्रामाणिक होता, त्याला खबर देणारा खोटं बोलत होता.

त्या सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तापला की कमी होतो. त्याच्या वायरच्या जोडावर हिरवा गंज चढला की रोध वाढतो आणि कम्प्युटरला गरम इंजिन थंड वाटतं. थंड वाटलं की तो पेट्रोल जास्त सोडतो. वास आणि मायलेज, दोन्हींचा हिशेब तिथेच लागला. आकडा अशक्य नव्हता, नुसता चुकीचा होता, म्हणून कोडही आला नाही. मी सरकारी कचेरीत हिशेब तपासते, भाऊ. बेरीज बरोबर आणि पावती खोटी, हा प्रकार मी रोज बघते. गाडीतही तोच निघाला!

अठरा हजार वाचले याचा आनंद आहेच. पण आईच्या आजारात गेले चार महिने प्रत्येक जण मला उत्तरं सांगतो. इथे सही करा, उद्या या, तुम्हाला नाही कळणार. त्या चार महिन्यांत मला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेले तुम्ही पहिले. रांगेत चार माणसं असताना थांबलात.

जोड तुम्ही घासून दिलात, आकडा थोडा सुधारला, पण सेन्सरच म्हातारा झालेला. नवा यायला आठ-नऊ दिवस. मी म्हटलं, तोवर तीनशेवालं डायरेक्ट करून घेऊ का? तुम्ही जे बोललात ते मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलंय: "वायर कापली की मंग गाडी आपली नाही राहत, ज्यानं कापली त्याची होते." आणि केबल सरळ माझ्या हातात ठेवलीत. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर तुम्हीच संध्याकाळी सगळं घालून दिलंत. एका कूलरच्या वॉरंटी कार्डाच्या मागे नियम लिहून दिलेत: गाडी उभी असतानाच. इंजिन चालू असतानाच, नाहीतर फॅन बॅटरी पिऊन टाकेल. इंजेक्टर, पंप, बाकी कशाला हात नाही. सगळ्याच गाड्या इंजिन चालू असताना असं ऐकत नाहीत, हिने ऐकलं हे नशीब, हेही खाली लिहिलंत.

आणि एक गोष्ट तुम्ही हसत हसत सांगितलीत ती माझ्या डोक्यातून जात नाही. लॅपटॉप दर काही सेकंदांनी गाडीला "मी आहे" असा निरोप पाठवत राहतो. पाचेक सेकंद निरोप गेला नाही की गाडी समजते हा गेला, आणि कारभार परत आपल्या हाती घेते.

पुढचे नऊ दिवस तो फॅन मी नाही, आईने चालवला. पुढच्या सीटवर, उशीवर लॅपटॉप. पहिल्याच दिवशी कपाळावरची टिकली काढून तिने एन्टरवर चिकटवली, चुकून दुसरं बटण नको म्हणून. सिग्नल लाल झाला की विचारायची, "लावू का?" हिरवा झाला की स्वतःच बंद करायची. मेडिकल चौकात एकदा सिग्नल लवकर सुटला तर चिडली, "अजून लावलाही नव्हता!" त्या दिवसांत तिच्या हाताला पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. जाताना पूर्वी ती डोळे मिटून घ्यायची. आता सिग्नलचे आकडे मोजायची.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. "पंप बसवला असता तं दीडशे घेतले असते. हा काही पंप नव्हे." उन्हाळ्यात आपल्याकडे लोक फाटकाबाहेर माठ भरून ठेवतात आणि कोण पिऊन गेलं ते बघायलाही येत नाहीत. तुम्ही त्या जातीचे. सुदैवाने या गावात अशी माणसं गॅरेजांपेक्षा जास्त आहेत, फक्त ती पाटी लावून बसत नाहीत.

नवा सेन्सर मागच्या मंगळवारी बसला, वीस मिनिटांचं काम. आता फॅन आपला आपण लागतो. आईला ते फारसं आवडलेलं नाही.

केबल परत द्यायला शनिवारी संध्याकाळी येते, ऊन उतरल्यावर. सोबत कैरीच्या पन्ह्याची बाटली आहे, तिला नाही म्हणायचं नाही. आईसुद्धा येते म्हणते. लॅपटॉपवरची टिकली काढू नको, असं तिने सांगितलंय.

तुमची,
२००४वाली ताई