दह्याबरोबर जिवाणूंच्या अन्नाबद्दलही लिहा

महोदय,

पोटाच्या आरोग्यावरच्या लेखांत दही, ताक आणि बाजारातली प्रोबायोटिक (म्हणजे उपयुक्त जिवाणू असलेली) पेये हमखास असतात. पण आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे जे अन्न, त्या प्रीबायोटिक तंतूंची (फायबरची) जेमतेम एका ओळीत बोळवण होते. ते कसे आणि किती घ्यायचे हे न सांगितल्याने काय होते, ते मी घरातच पाहिले.

माझी आई ७४ वर्षांची आहे. नोकरीची सगळी वर्षे तिने बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये काढली. वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल याचा भरवसा नसे, म्हणून पाणीच कमी प्यायचे. लेडीज डब्यातल्या कितीतरी बायका आजही हेच करतात, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही याचा मला संताप येतो. आईची ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही आणि बद्धकोष्ठताही गेली नाही. इसबगोलला कंटाळली तेव्हा औषधाच्या दुकानातून तिला इन्युलिन या प्रीबायोटिक तंतूची पावडर मिळाली. ‘नैसर्गिक आहे, कितीही घ्या’ असे सांगून. तिने पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले. रात्रभर पोट फुगून कळा येत होत्या. सकाळी डबा माळ्यावर गेला.

नंतर आमच्या डॉक्टरांनी नीट समजावले. इसबगोल पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. जिवाणू ते फारसे आंबवत नाहीत. इन्युलिनचे काम वेगळे. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळापासून काढलेला हा तंतू लहान आतड्यात पचत नाही, तसाच मोठ्या आतड्यात पोचतो. तिथे बायफिडोबॅक्टेरियासारखे जिवाणू तो आंबवतात, त्यांनी तयार केलेल्या पदार्थांवर दुसरे जिवाणू पोसतात आणि शेवटी ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना लागणारी बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळते. आईच्या दुधातही बाळाला न पचणाऱ्या अशाच शर्करा असतात, त्या बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी! हे ऐकून आई कितीतरी वेळ गप्प बसली होती.

मात्र आंबणे म्हणजे वायू होणे आलेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये रोज १२ ग्रॅम चिकोरी इन्युलिनने शौचाला नियमितपणा येतो हे मान्य केले. पण तिथवर हळूहळू जायचे असते. डॉक्टरांनी आईला अर्ध्या छोट्या चमच्यापासून सुरुवात करायला लावली, सोबत भरपूर पाणी, आणि आठवड्याने थोडी वाढ. महिनाभरात फरक पडला. ज्यांना आयबीएसचा (वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होणाऱ्या आतड्याच्या विकाराचा) त्रास आहे त्यांना इन्युलिन सोसत नाही असे पुष्कळदा होते. गवारीच्या बियांच्या गोंदापासून बनवलेला तंतू सावकाश आंबतो, तो काहींना चालतो. डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

आणि डबा घेतलाच पाहिजे असेही नाही. कांदा, लसूण, गहू यांत हेच तंतू आहेत. कच्च्या केळ्याच्या भाजीत आणि शिजवून गार केलेल्या भातात न पचणारा स्टार्च असतो, त्यावरही हे जिवाणू जगतात. फक्त मुंबईच्या उकाड्यात भात ओट्यावर ठेवू नये, लगेच फ्रिजमध्ये टाकावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खायला सांगते. वडापाव आणि चहावर दिवस काढणाऱ्याच्या पोटात त्यातले किती जात असतील?

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या आहारतज्ज्ञाकडून यावर सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती. कोणता तंतू, किती ग्रॅमपासून सुरू करायचा आणि कोणी टाळायचा, एवढे तरी त्यात असावे. डब्यांवर ही माहिती असलीच तर बारीक इंग्रजीत असते, आणि माझ्या आईच्या वयाच्या माणसांना ती वाचता येत नाही.

– एक वाचक, बोरिवली (पूर्व), मुंबई